तुम्ही विचारलंत म्हणून: बार्बाडोसला रिसॉर्ट कुठलं घ्यावं?

‘बार्बाडोसला ती छोटी, देखणी बुटीक रिसॉर्ट्स असतात ना, दहा-पंधरा खोल्यांची, अगदी वाळूला लागून, तसलं एखादं सुचवा.’ २०२४ च्या जूनमध्ये ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहितच्या संघानं विश्वचषक उचलला, तेव्हापासून हा प्रश्न थांबायचं नाव घेत नाही. सोबत पांढऱ्या मच्छरदाणीचा आणि निळ्या दारांचा फोटो असतो. महिना कुठला ते नसतं, बेटाची कुठली बाजू ते नसतं, पासपोर्टवर अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा व्हिसा आहे का तेही नसतं. नाव तेवढं हवं असतं.

नाव मी सांगत नाही. याला काही जण आखडूपणा म्हणतात, म्हणोत. जेमतेम ३४ किलोमीटर लांबीचं बेट आहे, पण त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे समुद्र आहेत. आपल्या कोकणात लाटा पश्चिमेकडून येतात आणि पावसाळ्यात खवळतात. तिथं व्यापारी वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो. त्यामुळे पूर्वेचा बाथशीबाचा किनारा कायम उसळलेला असतो. लाटांवर स्वार होणाऱ्यांची ती पंढरी, पण पोहायला निघालेल्याला आत ओढून नेणारे प्रवाहही तिथंच. तिथं राहणारे ओहोटीच्या वेळी खडकांमधल्या डबक्यांत बसतात, पोहायला जात नाहीत. पश्चिमेकडे, होलटाउन ते स्पाइट्सटाउन या पट्ट्यात, पाणी तळ्यासारखं शांत असतं, सूर्यास्त समोर दिसतो आणि भाडं त्याच प्रमाणात चढतं. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत तर विचारूच नका. दक्षिण किनारा या दोन्हींच्या मधला: लाटा थोड्या, वर्दळ जास्त, खिशाला बरा.

मग फोटोतली ती निळी दारं? ती बऱ्याचदा पूर्वेकडची असतात. फोटोत वारा दिसत नाही आणि सारगॅसमही दिसत नाही. हे तरंगणारं तपकिरी शेवाळ २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर ढिगांनी येऊ लागलं. २०१८ च्या उन्हाळ्यात त्याचा पट्टा पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत ८,८५० किलोमीटर पसरला होता. साधारण मार्च ते ऑगस्ट या काळात पूर्वेला आणि दक्षिणेला त्याचा त्रास असतो. किनाऱ्यावर पडून दोनेक दिवस झाले की ते कुजतं आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतं. सडक्या अंड्यांचा वास येतो, चांदीचे दागिने काळे पडतात, एसीच्या तांब्याच्या नळ्या खराब होतात. यंत्रानं ओढून काढावं तर वाळूही जाते आणि कासवांची घरटीही चिरडतात, म्हणून चांगल्या ठिकाणी भल्या पहाटे माणसं हातानं दाताळी घेऊन लागलेली असतात. बुकिंगआधी विचारायचं ते हे: शेवाळ कोण काढतं, रोज काढतं का, आणि गेल्या आठवड्यातला किनाऱ्याचा फोटो पाठवाल का?

पण खरा वाद होतो तो ‘ऑफ सीझनला स्वस्त आहे’ यावर. ऑफ सीझन म्हणजे चक्रीवादळांचा मोसम. तेव्हा २०२४ मधल्या बेरिल वादळाचा आठवडा नीट पाहू या, कारण तो सगळ्यांना आठवतो आणि त्यातलं कामाचं तेवढं कुणालाच आठवत नाही.

शुक्रवारी, २८ जूनला, अटलांटिकमधल्या त्या वादळाला बेरिल हे नाव मिळालं. शनिवारी २९ ला इकडे सात धावांनी अंतिम सामना जिंकला गेला, आणि त्याच दिवशी तिकडे बेरिलचं चक्रीवादळ झालं. रविवारी ते पाचपैकी चौथ्या श्रेणीत पोचलं, संध्याकाळी विमानतळ बंद झाला. सोमवारी वादळाचं केंद्र बार्बाडोसच्या दक्षिणेकडून निघून गेलं आणि ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावर आदळलं. म्हणजे बार्बाडोसला थेट तडाखा बसलाच नाही. तरी उधाणानं दक्षिण किनारा झोडपला, ब्रिजटाउनच्या मच्छीमार बंदरातल्या होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या आणि विश्वविजेता संघ हॉटेलात अडकून पडला. एअर इंडियाचं खास विमान बुधवारी निघालं, गुरुवारी ४ जुलैला सकाळी दिल्लीत उतरलं. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर काय झालं ते सांगायला नको.

आता तुमचं काय झालं असतं ते पाहा. प्रवास विम्यात ‘आधीच माहीत असलेली घटना’ वगळलेली असते, आणि वादळाला नाव मिळालं की ते माहीत असलेलं ठरतं. शुक्रवारी रात्री नाव पडल्यावर शनिवारी काढलेला विमा बेरिलपुरता कागदाचा कपटा. हॉटेलची ‘हरिकेन गॅरंटी’ वाचलीत तर बहुधा असं निघतं की वादळ प्रत्यक्ष त्या बेटावर आलं तरच पैसे परत. विमानतळ बंद पडणं त्यात येतंच असं नाही. खास विमान तर तुमच्यासाठी कुणी पाठवत नाही.

आणि इथं लहान हॉटेल मोठ्यापेक्षा उघडं पडतं. वादळाचा इशारा आला की बाहेरच्या खुर्च्या दोरखंडानं बांधतात किंवा सरळ तरणतलावात बुडवतात, खिडक्यांवर लाकडी झडपा लागतात, समुद्रासमोरच्या खोल्यांतल्या पाहुण्यांना मागच्या खोल्यांत हलवतात. बारा खोल्यांच्या ठिकाणी मागच्या खोल्याच नसल्या तर? न्हाणीघरातला टब काठोकाठ भरून ठेवतात, तो अंघोळीसाठी नव्हे. नळ गेला की संडासात ओतायला लागतं ते पाणी. शेजारी बादली ठेवलेली असते. जनरेटर असतो, पण छोट्या ठिकाणी तो फ्रिज, पंप आणि दिवे ओढतो, एसी ओढत नाही. कर्मचाऱ्यांचीही घरं असतात, ते घरी जातात. उरतात ते व्यवस्थापक आणि एखादा स्वयंपाकी.

‘म्हणजे जून ते नोव्हेंबर जायचंच नाही का?’ असं मी म्हटलेलं नाही. बार्बाडोस इतर बेटांच्या पूर्वेला, जरा बाजूला आहे. १९५५ च्या जॅनेटनंतर थेट म्हणावं असं चक्रीवादळ तिथं आलं ते २०२१ च्या जुलैमध्ये, एल्सा. एवढ्या अंतरानं येणाऱ्या संकटापायी निम्मं वर्ष सोडून द्यायचं का? पूर्वी मी ठासून सांगायचो की सोडा. आता मे महिना सुचवतो, जूनलाही नाही म्हणत नाही, आणि ऑगस्टचं कुणी विचारलं की गप्प बसतो. त्यात क्रॉप ओव्हरचा, ऊसतोडणी संपल्याचा उत्सव ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी संपतो, तो पाहायचा तर वादळाच्या मोसमातच जावं लागणार. ज्याचं त्यानं ठरवावं.

पैशांचं थोडक्यात. खोलीच्या दरावर व्हॅट, दर रात्रीची लेव्ही (सरकारी आकार) आणि बहुतेक ठिकाणी १० टक्के सेवा शुल्क असतं. जाहिरातीतला आकडा यातलं काय धरून आहे ते लेखी घ्या. दर कुठल्या डॉलरमध्ये आहे तेही पाहा, कारण एका अमेरिकी डॉलरचे दोन बार्बाडोस डॉलर होतात. ‘ओशन व्ह्यू’ म्हणजे समुद्र दिसतो, एवढंच. झाडांच्या फटीतून का होईना. वाळूवर पाय ठेवायचा तर ‘बीचफ्रंट’ घ्या. खासगी किनारा मात्र कुणीही विकत असलं तरी मिळणार नाही, तिथले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. टॅक्सीनं कंबरडं मोडतं. बस किंवा मरून पट्ट्याची पांढरी ‘झेडआर’ शेअर व्हॅन साडेतीन बार्बाडोस डॉलरमध्ये नेते.

बार्बाडोसला पर्यटनासाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही, या वाक्यावर लोक तिकीट काढून मोकळे होतात. मुंबईहून थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर नुसत्या विमानबदलालाही अमेरिकेचा व्हिसा हवा. लंडनहून गेलात तर ट्रान्झिटचे नियम आहेत, आणि हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर देशात शिरण्याचा व्हिसा लागतो. पुढे त्रिनिदाद जोडणार असाल तर निघण्याआधी किमान दहा दिवस पीतज्वराची लस घ्या, नाहीतर भारतात परतताना विलगीकरणात ठेवतील.

वीज ११५ व्होल्टची. मोबाइलचा चार्जर चालतो, पण घरून नेलेली किटली किंवा राइस कुकर नाही: व्होल्टेज निम्मं झालं की उष्णता पाव होते, हजार वॉटची किटली अडीचशेची उरते. शाकाहाऱ्यांनी राइस अँड पीज मागवताना खारवलेलं डुकराचं मांस घातलंय का ते विचारावं, बऱ्याचदा घातलेलं असतं. मॅकरोनी पाय आणि भोपळ्याची भजी खा, पण अंडं चालत नसेल तर घातलंय का ते विचारून.

पश्चिम किनाऱ्यावर तांबडा पट्टा मारलेलं झाड दिसलं तर पाऊस आला म्हणून त्याखाली उभे राहू नका. ते मँचिनील. त्याच्या पानांवरून ओघळलेल्या पाण्यानंही अंगावर फोड येतात, आणि हिरव्या सफरचंदासारखं फळ मुलांच्या हाती लागू द्यायचं नाही. बॅगेतले लष्करी छापाचे कपडे, अगदी लहान मुलाची टोपीसुद्धा, घरी ठेवा. तिथं नागरिकांनी तो छाप घालणं गुन्हा आहे.