लाल पाणी तिसऱ्या चेंबरला पोचलं तेव्हा

दादरच्या एका जुन्या तीन मजली इमारतीत आम्ही तळमजल्यावर राहतो. गेल्या उन्हाळ्यात मोरीतलं पाणी रेंगाळायला लागलं. जाळी उचलून नहाणी ट्रॅप, म्हणजे तिच्याखालचं पाणी अडवून वास रोखणारं भांडं, साफ केलं, केसांचा गुंता निघाला, दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. प्लंबर आला, अ‍ॅसिड ओतलं आणि म्हणाला, "ताई, लादी फोडावी लागेल. खालचा पाइप गेलाय."

सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. मोरी आठवडाभर फोडून ठेवली तर त्यांनी आंघोळीला जायचं कुठे? मी त्याला थांबवलं.

मग रविवारी सकाळी एक गोष्ट दिसली. घरात कुणीच पाणी वापरत नव्हतं, तरी जाळीतून गुडगुड आवाज आला आणि पाठोपाठ निळसर फेस वर चढला. आमचं वॉशिंग मशीन तर बंद होतं. मी जिन्यात जाऊन हाक मारली, "वहिनी, मशीन लावलंय का?" दुसऱ्या मजल्यावरून उत्तर आलं, "हो, आत्ताच पाणी सोडलं त्याने!"

म्हणजे बिघाड आमच्या लादीखाली नव्हता. वरच्या मजल्यांचा आणि आमचा पाइप जिथे एकत्र होतो, त्याच्या पुढे कुठेतरी पाणी अडत होतं आणि सगळ्यात खालचं तोंड आमचं, म्हणून ते आमच्याकडे उलटत होतं. स्वयंपाकघरातलं सिंकही सावकाश उतरत होतं, हे तेव्हा लक्षात आलं. त्याचा पाइप वेगळा, इमारतीमागच्या अरुंद हाऊस गल्लीतल्या गल्ली ट्रॅपला, म्हणजे सांडपाणी गटारात जाण्याआधीच्या जाळीच्या खड्ड्याला, जातो. तिकडे जाऊन पाहिलं तर ट्रॅप काठोकाठ भरलेला. दोन वेगळे पाइप एकाच वेळी बिघडतील, हे मला पटेना.

सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना खाली बोलावलं. दोन्ही पाइप पुढे आवारातल्या गटाराच्या चेंबरमध्ये, म्हणजे तपासणीच्या हौदांत, मिळतात. त्यांनी पहार आणून या चेंबरची झाकणं एकेक करून उचलायला लावली. झाकण काढल्यावर लगेच वाकून बघायचं नाही, काडी तर ओढायचीच नाही. आत विषारी आणि पेट घेणारा वायू साचलेला असतो. थोडा वेळ उघडं ठेवून लांबूनच पाहिलं. पहिलं चेंबर भरलेलं. दुसरं भरलेलं, वर तेलकट पांढरा थर. फाटकाजवळचं तिसरं मात्र जवळजवळ कोरडं, तळाच्या नाळीत नुसती ओल. तुंबलेली जागा हाती आली होती: दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये. तिसरंही भरलेलं असतं तर दोष पुढे, बहुधा रस्त्यावरच्या लाइनमध्ये असता आणि महापालिकेच्या १९१६ वर तक्रार करावी लागली असती. आमचा दोष आमच्याच आवारात होता, खर्च सोसायटीचा.

काम करायला दोघे जण आले. बांबूची पट्टी पुढे जाईना, तेव्हा त्यातला लहान मुलगा शर्ट काढून चेंबरमध्ये उतरायला निघाला. माझ्या छातीत धस्स झालं. मी आडवीच झाले. कायद्याने २०१३ पासून सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवण्यास बंदी आहे, आणि कायदा नसता तरी आमच्या मोरीसाठी त्याचा जीव धोक्यात घालायचा नव्हता. सेक्रेटरीकाकांनी कुरकुर न करता जेटिंगचं, म्हणजे जोराच्या पाण्याच्या झोताने पाइप साफ करणारं, मशीन मागवलं. दिवस वाढला, पैसे वाढले. मला त्याचं अजिबात वाईट वाटलं नाही.

जेटिंगच्या जोरात आधी साबणासारखा घट्ट झालेला तुपातेलाचा गोळा निघाला, मग फडकं, आणि शेवटी झाडूसारखी बारीक मुळांची जुडी. भिंतीतला पिंपळ! चिनीमातीच्या जुन्या पाइपच्या सांध्यातून त्याने आत शिरकाव केला होता. कॅमेरा घालून पाहिला तेव्हा तडकलेला सांधाही दिसला. तेवढा तुकडा बदलला, उतार नीट धरून, म्हणजे चाळीस फुटांना साधारण एक फूट.

माती लोटण्याआधी मी सेक्रेटरीकाकांना म्हटलं, एकदा पाहून घेऊ. बादलीभर पाण्यात खायचा लाल रंग कालवला आणि मोरीत ओतला. सासूबाई दाराशी उभ्या होत्या. पाणी जाळीवर क्षणभरही थांबलं नाही. मी खिडकीशी गेले. फाटकाजवळून त्या मुलाचा आवाज आला, "आलं, काकू! लाल आलं!"