पाचव्या बारमधला गंधार

रविवारी सकाळी दहाच्या बॅचला तो आला तेव्हा गिटार पिशवीतून काढायच्या आधी त्यानं मोबाईल पुढं केला. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत कामाला, तिथून सुटला की रात्री बँडची प्रॅक्टिस. "सर, एवढं ऐका. बोटं चालतात माझी, पण ब्लूज वाटंना. पोरं म्हणतात, पाढे म्हटल्यासारखं वाजवतोस."

रेकॉर्डिंग ए सुरातल्या संथ बारा बारच्या ब्लूजचं होतं (बार म्हणजे चार मात्रांचं आवर्तन), लय मिनिटाला ७० मात्रा. एक फेरी ४८ मात्रांची, म्हणजे साधारण ४१ सेकंदांची. दोष पहिल्या दहा सेकंदांत कळला होता, पण 'फील नाही' एवढं सांगून शिकणाऱ्याच्या हातात काहीच पडत नाही. शिकवणाऱ्यानं हा शब्द निदान पहिला तासभर तोंडातून काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

मी आलेखाचा कागद काढला. संथ ब्लूजमध्ये प्रत्येक मात्रेचे तीन भाग पडतात, म्हणून एका बारचे १२ चौकोन, बारा बारचे १४४. रेकॉर्डिंग अर्ध्या वेगानं लावलं आणि जिथं जिथं स्वर वाजतोय तो चौकोन त्यालाच पेन्सिलनं भरायला सांगितला. १४४ पैकी १३१ चौकोन काळे झाले. सलग रिकामे चौकोन जास्तीत जास्त दोन. शिवाय बारापैकी अकरा बारमध्ये त्याची सुरुवात अगदी पहिल्या चौकोनावर, समेवर.

तो बराच वेळ कागदाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आमच्याकडं वितळलेला धातू ओतताना हात थांबला की कोल्ड शट पडतो, सर, धातू नीट जुळतच नाही. आख्खं कास्टिंग रिजेक्ट. थांबायची भीतीच बसलीया." मला हे फार महत्त्वाचं वाटलं, कारण बहुतेकांना आपण का थांबत नाही हे सांगताच येत नाही. मी म्हटलं, "अरे, पण इथं ओतायचं काम बेस आणि ड्रमचं आहे. त्यांचा हात थांबत नाही. तू थांबलास तरी गाणं तुटत नाही."

तरीही शांततेपासून सुरुवात केली नाही. स्वरानंतर मोकळी जागा सोडली की तो स्वर कानात रेंगाळतो. तो बेसूर असेल तर बेसूरपणाच रेंगाळतो. म्हणून आधी बेंड, म्हणजे तार ताणून स्वर वर नेणं, तपासले. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटचा डी ताणून ई पर्यंत न्यायचा, हा ए ब्लूजमधला रोजचा बेंड. ट्यूनर लावून बघितलं तर त्याचा स्वर डी शार्प ओलांडून ई च्या बराच अलीकडं थांबत होता. दहापैकी आठ वेळा तेच.

कारणं दोन निघाली. गिटारवर ११ च्या तारा होत्या, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या ११ हजारांश जाडीची. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे वॉन जाड, १३ च्या तारा वापरत असे, हे ऐकून यानं जाड तारा चढवलेल्या. पण वॉन गिटार अर्धा स्वर खाली लावत असे, त्यामुळं ताण कमी होई. यानं मात्र नेहमीच्याच ट्यूनिंगला ठेवलेल्या. तारा बदलून १० चा संच टाकला, म्हणजे तिसरी तार १८ ऐवजी १७ ची झाली. ताण कमी झाल्यावर त्याच्या तरंगत्या ब्रिजला, म्हणजे तारा खालून जिथं अडकवतात त्या हलत्या पट्टीला, मागच्या स्प्रिंगनी खाली ओढलं. तेव्हा मागचं झाकण काढून स्प्रिंगच्या पट्टीचे दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा सैल केले, पुन्हा सूर लावला, पुन्हा बघितलं. नेकच्या वरच्या टोकाच्या पट्टीच्या, नटच्या, खाचांत पेन्सिलीचं शिसं घासलं, नाहीतर तार खाचेत अडकते आणि बेंडनंतर सूर परत जागेवर येत नाही. शेवटी बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर) आणि दाबलेला स्वर जुळतात का ते पाहिलं. यात पाऊण तास गेला.

दुसरं कारण हाताचं होतं आणि खरं मोठं तेच. तो एकट्या तिसऱ्या बोटानं तार ढकलत होता. तार बोटानं ढकलायची नसते, मनगट फिरवून ताणायची असते. तिसरं बोट सातव्या फ्रेटवर, पहिली दोन त्याच्या मागं त्याच तारेवर, अंगठा नेकच्या वरून आलेला, आणि पहिल्या बोटाचं मूळ नेकच्या खालच्या कडेला टेकलेलं. दाराची मूठ फिरवावी तसं मनगट फिरतं, बोटं नुसती धरून ठेवतात.

मग कानाचं काम. दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला हाच ई मिळतो. तो वाजता ठेवायचा आणि त्याच वेळी तिसरी तार ताणत वर आणायची. स्वर जवळ आले की दोघांत डोल ऐकू येतो, आधी भरभर, मग संथ, आणि जुळले की डोल थांबतो. सतराव्या-अठराव्या खेपेला तो थांबला. त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी काही बोललो नाही, त्यानं पुन्हा तेच केलं.

तिसऱ्या तारेवरच्या पाचव्या फ्रेटचा सी मात्र वेगळा. तो पुरता ताणायचा नाही, पहिल्या बोटानं खाली किंचित ओढायचा, सी शार्पला पोचू द्यायचा नाही. याचं लहानपण भजनात पेटी वाजवण्यात गेलेलं, म्हणून स्वरांच्या भाषेत सांगितलं. ए ला सा धर, मग तुझं पेंटॅटॉनिक, ती पाच स्वरांची पट्टी, म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी, सरळ धानी रागाचे स्वर. ब्लूजचा गंधार या कोमल गंधाराच्या थोडा वर झुकतो. दरबारीतला गंधार खाली आंदोलन घेतो, हा वर बघतो. अल्लादिया खाँसाहेबांनी जिथं दरबार गायकी केली आणि देवल क्लब ही संगीतसंस्था १८८३ पासून उभी आहे, त्या कोल्हापुरात श्रुतीची गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. त्याला ती लगेच कळली.

आता शांतता. अँपचा गेन, म्हणजे आवाज फाटरा करणारी कळ, आठवरून तीनवर आणला, कारण जास्त गेनमध्ये हलका आणि जोरकस आघात सारखाच ऐकू येतो. चारच स्वर दिले: दुसऱ्या तारेवर पाच आणि आठ, पहिल्या तारेवर पाच आणि आठ. म्हणजे ई, जी, ए, सी. आणि अट घातली की गिटारसोबत तोंडानं हुंकार द्यायचा. दम संपला की वाक्य संपलं. तो लाजला. भिंतीकडं तोंड करून बस म्हटलं, तसा बसला. ब्लूजचा गायक-गिटारवादक बी. बी. किंग गाताना गिटार वाजवत नसे, एक ओळ गळ्यानं आणि उत्तर गिटारनं, ही त्याची रीत. मिसिसिपीत १९२५ साली जन्मलेल्या या माणसाच्या सोलोत श्वास ऐकू येतो तो त्यामुळंच.

पहिल्या प्रयत्नात भलतंच झालं. हा दर दोन बारला ठरल्यासारखा थांबू लागला, सिग्नलला गाडी थांबते तसा. शांतता होती, पण तीही मोजूनमापून. शिवाय थांबल्यावर मोकळ्या तारा गुणगुणत होत्या. मोकळ्या जागेत उजव्या हाताची कड जाड तारांवर आणि डाव्या हाताची बोटं बारीक तारांवर टेकलेली हवीत, तरच शांतता स्वच्छ होते. वाक्यांची लांबी बदलायला सांगितली: एक पाच मात्रांचं, एक दोन मात्रांचं, एक नुसता लांब स्वर. आणि समेवर सुरुवात बंद. चौथ्या मात्रेच्या शेवटच्या तिसऱ्या भागावरून उठायचं किंवा सम जाऊ द्यायची आणि दुसऱ्या मात्रेला शिरायचं. मुखडा समेच्या आधी उठतो, हे भजनात वाढलेल्याला वेगळं समजवावं लागत नाही.

मग त्या दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट घडली. बारा बारच्या तीन ओळी असतात, चार-चार बारच्या. पहिली ओळ म्हणायची, दुसऱ्या ओळीत तीच पुन्हा, तिसरीत उत्तर. दुसरी ओळ पाचव्या बारला सुरू होते आणि तिथं साथीचा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) ए सेव्हन सोडून डी सेव्हन होतो. त्याच्या मूळ रेकॉर्डिंगमध्ये इथं सी शार्प लांबवलेला होता. ए सेव्हनचा तो शुद्ध गंधार, तिथं गोड लागतो. डी सेव्हनमध्ये मात्र सी आहे, त्यावर तो खुपतो. मी सांगितलं, चौथ्या बारच्या शेवटच्या मात्रेला तिसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर सी शार्प घे आणि पाचवा बार लागताच पाचव्या फ्रेटवर सी वर उतर. एकच फ्रेट. बाकी काही वाजवू नकोस.

त्यानं ते केलं. शुद्ध गंधार कोमल झाला आणि त्याच क्षणी मागचा कॉर्ड बदलला. त्यानं साथीचा ट्रॅक थांबवला. "सर, हे मी बदललं का ट्रॅकनं?" दोघांनी मिळून, म्हटलं. "जोग रागात दोन्ही गंधार असतात, तसं झालं की." बरोबर होतं त्याचं. तो एक स्वर त्यानं वीसेक वेळा उतरवून बघितला, कधी घसरून, कधी नवा आघात देऊन, कधी पाव मात्रा उशिरा. उशिराचा सगळ्यात सुंदर होता.

शेवटी पुन्हा रेकॉर्डिंग केलं, पुन्हा कागद भरला. ७१ चौकोन काळे, सर्वात लांब मोकळी जागा ९ चौकोनांची, समेवर सुरुवात तीनच ठिकाणी. ऐकायला बॅचमधली दोन पोरं बसली होती, त्यातला एक म्हणाला, "आता बोलायला लागलंय."

व्हायब्राटो, म्हणजे धरलेला स्वर हलवणं, अजून कच्चा आहे. बेंड वर पोचल्या पोचल्या हलवायला लागतो, स्वर आधी एक मात्रा सरळ उभा राहू देत नाही, आणि हलतो ते लयीच्या दुप्पट घाईनं. अकराव्या-बाराव्या बारमध्ये जुनी बोटं परत पळत सुटतात. पुढच्या रविवारपर्यंत एवढंच दिलंय: बाराव्या बारला ई सेव्हन आला की दुसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट, तो एक ई, चार मात्रा धरायचा. पहिली मात्रा सरळ, पुढच्या तीन मात्रांवर प्रत्येकी तीन झोके. रोज वीस मिनिटं, गेन तीनवरच. आलेखाचे सहा कोरे कागद तो सोबत घेऊन गेला.