पिकपचा गंज: फोड दारावर, पाणी भलतीकडंच

मागच्या दिवाळीत डाव्या दाराच्या खालच्या काठाला तीन फोड दिसलेले, हरभऱ्याएवढे. मी रुबाबात घासलं, रेड ऑक्साइड (तांबडा प्रायमर, म्हंजे रंगाखालचा पहिला थर) मारलं, वरनं डब्यातला पांढरा मारला आणि सगळ्यांना सांगत सुटलो की काम झालं. काम काय झालं नव्हतं. जुलैपर्यंत बरं होतं, गणपतीत गाडी धुताना बघतोय तर तिथंच तीनचे पाच झालेले आणि नखानं टोकरलं तर रंगाची अख्खी पापडी हातात आली, खाली ओला तांबूस चुरा. शेतात उसावर तांबेरा आला की आबांचं तोंड जसं होतं तसं माझं झालं.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, गाडी २००६ ची, सिंगल केबिन पिकप, आबांनी घेतलेली, एमएच ०९ म्हंजे कोल्हापूर पासिंग. आता रोजचं भाडं मारत नाही, आठवड्यातनं दोन-तीन फेऱ्या चिखलीकडच्या शेतावर, आणि दर वर्षी पासिंग आलं की माझी पळापळ. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की निम्मे जण गंज सोडून कंपनीवरच भांडत बसतात.

तर यंदा आधी उद्यमनगरात एका जुन्या डेंटर चाचांकडं नेली. चाचांनी फोडाकडं बघितलंच नाही. खाली वाकले, दाराच्या बुडाखालनं बोट फिरवलं, स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चार ठिकाणी ठोकलं, एका ठिकाणी टण वाजलं आणि पुढं सगळीकडं बद्द. मग म्हणाले, "ह्यो आतनं आलाय बाहेर. तू वरनं मलम लावत बसलास. घरी जा, काच खाली घे, रबराच्या फटीतनं तांब्याभर पाणी वत आणि कुठनं बाहेर येतंय ते बघ. आलं तर."

घरी येऊन तेच केलं. तांब्या ओतला, खाली बसलो, वाट बघतोय. पाणी आलंच नाही. दुसरा तांब्या ओतला तरी नाही, दार हलवलं तर आतनं डुचमळल्याचा आवाज, म्हणजे दार नव्हतं ती घागर होती. काचेच्या रबरातनं पाणी दारात जाणारच, सगळ्या गाड्यांत जातं, म्हणून तर दाराच्या बुडाला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. माझ्या दाराला तीन आहेत, तिन्ही बुजलेली. सायकलच्या स्पोकनं टोकरायला लागलो आणि जे बाहेर आलं ते बघून आबा पण खुर्ची घेऊन शेजारी बसले: आधी काळी माती, मग पाचटाचे तुकडे, गगनबावड्याकडची तांबडी माती, एक चाराण्याचं नाणं, आणि सगळ्यात खाली राखाडी, साबणासारखा गुळगुळीत थर. तो थर आबांनी बोटावर घेतला आणि लगेच ओळखला. "ह्यो एकवीसचा गाळ."

जुलै २०२१ च्या महापुरात गाडी शेडात राहिली होती. २०१९ ला आम्ही शहाणे होतो, जनावरांबरोबर गाडी पण वर काढलेली, २०२१ ला पाणी एका रात्रीत आलं आणि ही दाराच्या मध्यापर्यंत बुडली. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं तेव्हाच करून घेतलं, गाडी दुसऱ्याच महिन्यात चालू झाली म्हणून आम्ही खूष. दाराच्या आतलं प्लास्टिक उघडून बघायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पुरातनं निघालेली गाडी ज्यांच्याकडं आहे त्यांनी हे वाचायचं थांबवून आधी दारं उघडा, खरंच.

आता ओला गाळ पत्र्याला एवढा का खातो, तर गाळाखाली हवा पोचत नाही आणि काठाला पोचते, एकाच पत्र्यावर असा हवेचा फरक पडला की कमी हवेच्या बाजूचं लोखंड विरघळायला लागतं. बॅटरीसारखाच प्रकार. त्यात मीठ मिसळलं तर पाणी करंट अजून चांगला नेतो. आणि मीठ म्हंजे फक्त मालवणची खारी हवा नव्हे. आमच्या हौद्यातनं वर्षानुवर्षं पोटॅशची पोती गेली, म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचा सख्खा चुलतभाऊ. फाटक्या पोत्यातनं सांडलेलं खत हौद्याच्या कोपऱ्यात, फाळक्याच्या (हौद्याची पाडायची फळी) बिजागरीत, चासीच्या खाचेत, कुठं कुठं जाऊन बसलं असंल. आणि गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो म्हणून रंग वर उचलला जातो, त्यालाच आपण फोड म्हणतो. फोड दिसला म्हणजे आतली गोष्ट जुनी झालेली असते.

दाराचा बाहेरचा पत्रा खाली आतल्या फ्रेमवर दुमडलेला असतो, त्या घडीतनं हे सुरू झालेलं. ग्राइंडरला वायरचा कप लावून उघडं केलं, चष्मा घालूनच करा, माझ्या शर्टातनं दोन तारा निघाल्या. पाचपैकी तीन फोडांखाली नुसते खड्डे पडलेले, पण पत्रा जाड. दोन ठिकाणी पोकर टोचला तर आरपार. तिथं कापून चाचांकडनं नवीन पत्र्याची पट्टी मारून घेतली, बोटभर रुंद आणि वीतभर लांब. "भोकावर लांबी (पुट्टी) भरून दे की" असं मी एकदा बोलून बघितलं, चाचांनी खिशातलं लोहचुंबक काढलं आणि दाराच्या मागच्या कोपऱ्यावर लावलं, ते खाली पडलं. तिथं कधीतरी कुणीतरी लांबीच भरलेली होती, अर्धा इंच. लांबी पाणी पिते आणि धरून ठेवते, खाली उघडा पत्रा असंल तर संपलाच विषय. ती पण खरवडायला लागली, अजून एक रविवार गेला.

आता माझ्या आवडीचा भाग. गंज कन्व्हर्टरच्या बाटलीवर दोन नावं असतात, फॉस्फोरिक ॲसिड नाहीतर टॅनिक ॲसिड. पहिलं गंजाचं आयर्न फॉस्फेट करतं, दुसरं आयर्न टॅनेट, निळसर काळं. टॅनिक म्हटल्यावर माझ्या डोक्यात घंटी वाजली, कारण आपल्या चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यातच कमावतात, आणि हिरड्यात टॅनिन ठासून भरलेलं असतं. पावसात भिजलेल्या चपलेला मोच्यानं मारलेल्या चुकेभोवती काळा डाग पडलेला बघितलाय ना? तो तोच, लोखंड आणि टॅनिन. म्हणून मागच्या जूनमध्येच काष्टौषधीच्या दुकानातनं पावशेर हिरडा आणलेला, कुटून उकळला, गाळला, आणि भंगारातल्या गंजक्या पत्र्याचे चार तुकडे घेऊन प्रयोग लावलेला. आईनं ते पातेलं परत घरात घेतलं नाही, तो वेगळा विषय.

एका तुकड्यावर नुसतं घासून रेड ऑक्साइड, एकावर हिरड्याचं पाणी आणि वर रेड ऑक्साइड, एकावर फॉस्फोरिक लावून, धुवून वर टू-पॅक (दोन डबे मिसळून लावायचा) इपॉक्सी प्रायमर, आणि चौथ्यावर हिरडा आणि वर इपॉक्सी. चारी शेडाच्या पन्हाळीखाली तारेनं टांगले, जून ते ऑक्टोबर. हिरडा लावल्यावर दहा मिनिटांत पत्रा जांभळट काळा झाला, बघायला लई भारी वाटतं, पण वाळल्यावर बोट फिरवलं की काळी पावडर हाताला. ब्रशनं झटकून दुसरा हात दिला तेव्हा जरा बसला. पावसाळ्यानंतर निकाल असा: पहिला तुकडा अख्खा तांबडा. दुसरा मधे बरा, काठानं फुटलेला. तिसऱ्याला एक चरा सोडून काही नाही. चौथा तिसऱ्याच्या जवळपास, पण ज्या कोपऱ्यात पावडर नीट झटकली नव्हती तिथनं प्रायमर सुटलेला. म्हणजे हिरडा काम करतो, पण खरा हिशेब वरच्या थराचा आहे. रेड ऑक्साइड आपण सगळेच मारतो आणि ठेवून देतो, वरनं दुसरा रंग नसंल तर त्यातनं पाणी झिरपतंच. मी दाराला फॉस्फोरिकच वापरलं, हिरडा हौद्याखालच्या न दिसणाऱ्या पट्ट्यांना.

फॉस्फोरिकवाल्यांसाठी एक चूक सांगतो. पहिल्यांदा मी ते लावून तसंच वाळू दिलं, चिकट पांढरा थर राहिला, त्यावर इपॉक्सी धरत नाही. लावा, वीस-पंचवीस मिनिटं ओलं ठेवा, मग पाण्यानं स्वच्छ धुवा आणि लगेच वाळवा. लगेच म्हंजे लगेच, मी चहाला गेलो आणि येईपर्यंत धुतलेल्या पत्र्यावर पिवळट झाक आलेली. दुसऱ्या वेळी बायकोचा हेअर ड्रायर घेऊन बसलो. वेळ पण बघून निवडा, थंडीत सकाळी पंचगंगेवरनं धुकं येतं तेव्हा पत्रा घाम आल्यासारखा ओला असतो, हाताला कळत नाही. मी अकरानंतर, उन्हात पत्रा कोमट झाल्यावर प्रायमर मारला, दोन हात, मग लांबी अगदी पातळ, इपॉक्सीच्या वर, मग परत प्रायमर, मग पीयू (पॉलियुरेथेन) रंग. रंगाची छटा जुळली नाही. २००६ चा पांढरा आता सायीसारखा झालाय, नवीन पट्टा दाढी केल्यासारखा दिसतो. चालतंय.

दाराच्या आतनं काय करायचं यावर आबांचं आणि माझं वाजलं. आबा पहिल्यापासून जळकं ऑईल मारतात, दर पावसाळ्याच्या आधी, खालनं सगळीकडं. खोटं कशाला बोलू, चासी अजून ठणठणीत आहे त्याचं थोडं श्रेय त्याला असणार. पण ते धूळ धरतं, पाट्याचे रबर बुश फुगवतं, आणि दारात मारलं तर केबिनमध्ये बसवत नाही. शेवटी तह असा झाला, खाली आबांचं राज्य (बुश सोडून), दारात मी कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं मेण) मारणार, लांब नळीचा स्प्रे, घडीत शिरतो आणि मऊ राहतो. मारताना निचऱ्याची भोकं परत बुजली, ती आठवणीनं स्पोकनं मोकळी केली.

सगळं झाल्यावर परत तांब्या ओतला. दहा सेकंदात तिन्ही भोकांतनं धार. आबांनी स्वतः दुसरा ओतून बघितला, मग तिसरा.

आणि एवढं करून रविवारी संध्याकाळी ड्रायव्हर साइडचं पायातलं मॅट सहज उचललं. खाली डांबरी शीट ओली. पाऊस संपून महिना झालाय, मग ओलं कशानं, तर गाडी धुतलेली आणि पुढच्या काचेचं रबर खालच्या कोपऱ्यात कडक होऊन उचललंय, तिथनं आत. शीट उचकटली नाही अजून, धाडस होईना. ठोकून बघितलं, बहुतेक टण आहे, क्लचच्या खाली जरा बद्द. काच काढायला माणूस बघतोय, लक्ष्मीपुरीत रबर मिळतंय का ते उद्या विचारतो. फाळक्याच्या कड्या आणि बिजागऱ्या काढून ठेवल्यात, त्या त्यानंतर. तोपर्यंत पोटॅशची पोती ताडपत्री अंथरूनच न्यायची असं ठरलंय. आज सकाळी बघितलं तर सहा पोती, ताडपत्री घडी घालून शेजारी.