दूध सोडल्यावर ताटात काय वाढायचं

कोल्हापुरात राहून दूध सोडणं म्हणजे काय, हे इथल्या माणसालाच कळेल. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, धारोष्ण दुधाचा पेला हातात येतो आणि तालमीतल्या पैलवानापासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळे तो उभ्याउभ्या रिकामा करतात. अशा गावात "मी दूध, दही, तूप काहीच खात नाही" म्हटलं की समोरच्याला आधी काळजी वाटते आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "अगं, मग प्रोटीनचं काय?"

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्ताच्या नळ्या, मशीन आणि रिपोर्ट यांतच माझा दिवस जातो. म्हणून हे ठामपणे लिहिते: व्हीगन, म्हणजे दूध-मांसासकट प्राण्यांपासून आलेलं काहीच न खाणाऱ्या माणसाची पहिली काळजी प्रोटीन नव्हे, बी१२ हे जीवनसत्त्व आहे. त्यानंतर कॅल्शियम, मग ड जीवनसत्त्व, आयोडीन, ओमेगा-३. प्रोटीनचा नंबर या सगळ्यांच्या खाली लागतो.

दूध का सोडलं, तेही थोडक्यात सांगते. माझं माहेर कागल तालुक्यातलं, दारात कायम म्हशी. वगार झाली की तिला जपायचं आणि रेडा झाला की त्याच्या वाट्याचं दूध घागरीत जायचं. रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढं ठेवलेलं मी लहानपणी पाहिलंय. ती त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. वडिलांचं पोट त्या धंद्यावर होतं आणि त्यांनी जनावरांना कधी काठी लावली नाही, त्यामुळं त्यांच्याशी माझं काही भांडण नाही. पण स्वतःपुरतं मी ठरवलं, आणि ठरवल्यावर तब्येतीची जबाबदारीही माझीच झाली. "बघा, दूध सोडलं आणि आजारी पडली" असं म्हणायची वेळ कुणावर येऊ नये, याची मला मनापासून काळजी आहे. कारण तसं झालं तर जनावरांची बाजू ऐकायलाच कुणी थांबत नाही.

प्रोटीनचा हिशोब एकदाच मांडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये दिलेल्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागं ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. माझं वजन ५५ किलो, म्हणजे साधारण ४६ ग्रॅम. सकाळी मटकीची उसळ, त्यात सात ग्रॅम. दुपारी ज्वारीच्या दोन भाकरी, बारा. तुरीची आमटी नाहीतर पिठलं, आठ. शेंगदाण्याची चटणी आणि येताजाता तोंडात टाकलेले दाणे मिळून सात. संध्याकाळी मूठभर फुटाणे, सहा. रात्री भाताबरोबर सोयाबीनची उसळ, दहा-अकरा. भाताचं प्रोटीन न धरताही पन्नास झालं. यात विकत आणलेली एकही पावडर नाही. ज्वारी-तांदळात लायसिन हा प्रोटीनचा एक घटक कमी असतो, तो डाळी भरून काढतात. डाळीत मिथिओनिन हा दुसरा घटक कमी असतो, तो धान्य पुरवतं. आपल्या आज्या-पणज्यांनी भाकरीबरोबर पिठलं उगाच नाही वाढलं. मात्र पोहे-उपमा, वरणाचं नुसतं पाणी आणि भाताचा ढीग एवढ्यावर दिवस काढला, तर व्हीगन काय आणि दूध पिणारा काय, दोघंही कमीच पडणार. घट्ट डाळ आणि उसळ दिवसातून दोनदा ताटात हवी.

आता बी१२. इथं मी थांबून बोलणार आहे.

हे जीवनसत्त्व झाडं बनवत नाहीत आणि प्राणीही बनवत नाहीत, ते फक्त सूक्ष्मजीव बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात आणि तिथून ते दुधात, मांसात उतरतं. आपल्या मोठ्या आतड्यातही असे जिवाणू असतात, पण बी१२ शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. त्यामुळं तिथं तयार झालेलं आपल्या कामी येत नाही. स्पिरुलिना (खाण्याचं निळं-हिरवं शेवाळ), आंबवलेलं इडलीचं पीठ, न धुतलेली भाजी, यांतलं काहीही भरवशाचं नाही. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी बी१२ सारखं दिसणारं, पण शरीराला न चालणारं रूप असतं. "सगळं निसर्गात मिळतं, गोळ्या कशाला" म्हणणारी व्हीगन मंडळी मला भेटतात. त्यांना हात जोडून सांगते, गोळी घ्या. कारखान्यात बी१२ बनतं तेही जिवाणूंकडूनच, आंबवून. त्यासाठी कुठल्या जनावराला हात लावावा लागत नाही.

गरज दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम एवढीच. पण यकृतात साठा असतो, म्हणून दूध सोडल्यावर वर्ष-दोन वर्षं काहीच जाणवत नाही आणि माणूस बेफिकीर होतो. मग पायाला मुंग्या, तळपायांची आग, जिभेला फोड, विसराळूपणा, जिना चढताना धाप. आणि यात एक फसवी गोष्ट आहे, ती मला मशीनवर दिसते. बी१२ कमी झालं की रक्तातल्या तांबड्या पेशी आकारानं मोठ्या होतात आणि सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीच्या, रिपोर्टमध्ये एमसीव्हीचा, म्हणजे पेशींच्या सरासरी आकाराचा, आकडा वाढतो. पण ज्याच्या ताटात डाळी आणि पालेभाज्या भरपूर, त्याला फोलेट हे ब गटातलंच दुसरं जीवनसत्त्व भरपूर मिळतं आणि ते या पेशींचं काम सावरून धरतं. वर लोहही कमी असेल तर पेशी लहान होतात आणि सरासरी बरोबर मधोमध येते. रिपोर्टवर सगळं नॉर्मल आणि आत नसांचं नुकसान चालूच. म्हणून "सीबीसी चांगला आला" एवढ्यावर व्हीगन माणसानं समाधान मानू नये, बी१२ वेगळं तपासावं. गोळी आधीच सुरू असेल तर रक्तातला आकडा चांगला दिसतो, अशा वेळी होमोसिस्टीन, म्हणजे बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा पदार्थ, जास्त बोलकं असतं.

आणि हा प्रश्न एकट्या व्हीगन लोकांचा अजिबात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि पुढं त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. गरोदरपणात यातल्या दोन-तृतीयांश बायकांचं बी१२ कमी निघालं. फोलेट मात्र जवळजवळ सगळ्यांचं व्यवस्थित होतं. २००८ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की ज्या आयांचं बी१२ कमी आणि फोलेट सगळ्यात जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. या बायका व्हीगन नव्हत्या. कपभर दुधाच्या चहावर आणि वाटीभर ताकावर बी१२ भागत नाही, हे आपल्याच मातीतलं संशोधन सांगतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं तर आणखी कमी होतं, मग ते मटण खाणारे का असेनात.

किती घ्यायचं? ब्रिटनमधली व्हीगन सोसायटी १९४४ पासून याच विषयात काम करते. तिचा सल्ला सोपा आहे: रोज निदान १० मायक्रोग्रॅम, नाहीतर आठवड्यातून २००० मायक्रोग्रॅम. आकड्यांत एवढी तफावत का, असं लॅबमध्ये बरेच जण विचारतात. पोटातलं जे प्रथिन बी१२ ला धरून नेतं, त्याला एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच झेपतं. वरचं जे असतं त्यातलं जेमतेम एक टक्का आपोआप झिरपतं. म्हणून आठवड्याची गोळी एवढी मोठी. मेडिकलमध्ये मागताना साधी गोळी मागा. मऊ, चकचकीत कॅप्सूल बहुतेक वेळा जिलेटिनची असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांचं. मी रविवारी सकाळच्या नाश्त्याबरोबर घेते, कॅलेंडरवर खूण करते.

कॅल्शियमवरून मात्र घरात खरी चर्चा झाली. सासूबाई म्हणाल्या, "दुधाबिगर हाडं कशी टिकायची गं?" त्यांचा प्रश्न रास्त होता. दूध सोडताना कॅल्शियमचा मोठा वाटा ताटातून जातो आणि तो आपोआप भरून येत नाही. प्रौढांना दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं. नाचणीच्या शंभर ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं, म्हणून सकाळी नाचणीची आंबील किंवा भाकरी ठरलेली. सालासकट तिळात शंभर ग्रॅमला हजाराच्या वर असतं, पण शंभर ग्रॅम तीळ कोण खातं? दोन चमचे तिळकूट रोज जातं. तीळ अख्खे खाल्ले तर बरेचसे तसेच पोटातून पुढं जातात, भाजून कुटलेले बरे. शेवग्याचा पाला, मेथी, मुळ्याचा पाला आळीपाळीनं. पालकातलं कॅल्शियम कागदावर छान दिसतं, पण ऑक्झलेट ते धरून ठेवतं आणि शरीराला फार थोडं सोडतं. पालक लोकांना आवडतो म्हणून खावा, कॅल्शियमसाठी नव्हे. एवढं सगळं करूनही मला साडेसहाशे-सातशेच्या पुढं जाणं जड जातं, म्हणून कॅल्शियम घातलेलं सोया पेय रोज एक पेला घेते. पाकिट जोरात हलवून मग ओतायचं, कारण कॅल्शियम तळाशी बसतं. लेबलवर शंभर मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास लिहिलेलं असेल ते घ्या. नुसत्या बदाम पेयात बदाम नावाला आणि कॅल्शियम शून्य, असंही असतं.

टोफूचंही, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचंही, तसंच. कॅल्शियम सल्फेट घालून गोठवलेला असेल तर कॅल्शियम चांगलं मिळतं. घरी लिंबू पिळून फाडलात तर प्रोटीन तेवढंच, कॅल्शियम मात्र खूप कमी.

आता शेंगदाण्याचं दही, कारण त्याशिवाय माझं जेवण अपुरं वाटायचं. वाटीभर शेंगदाणे रात्रभर भिजत घालायचे. सकाळी तळहातावर चोळून साली काढायच्या. तीन वाट्या पाण्यात मिक्सरला अगदी गंधासारखे वाटायचे आणि फडक्यातून पिळून घ्यायचे. हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर, उलथन्यानं तळ खरवडत उकळायचं. डोळा हलला की ते लागतंच आणि करपट वास सगळ्यात उतरतो. बोट सोसेल इतकं कोमट झालं की त्यात पाच-सहा हिरव्या मिरच्यांचे देठ टाकायचे. देठांवरचे जिवाणू विरजणाचं काम करतात. पहिलं दही थोडं उग्र वासाचं होतं, त्यातलंच चमचाभर विरजण दुसऱ्या घाण्याला लावायचं. तिसऱ्या खेपेचं दही आंबट, घट्ट आणि भाताबरोबर खाण्याजोगं होतं. डाळीचं पीठ लावून कढी केली, वर मेथीदाणे-कढीपत्त्याची फोडणी दिली, तेव्हा सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. फडक्यातला चोथा थालिपिठात जातो. पण लक्षात असू द्या, या दह्यात प्रोटीन आहे, कॅल्शियम जवळजवळ नाही. दह्याची चव मिळाली म्हणजे दह्याचं पोषण मिळालं असं होत नाही.

लोहासाठी लोखंडी कढई आणि लिंबू. मोड आणल्यानं, भिजवल्यानं कडधान्यातलं फायटेट, म्हणजे लोह-झिंक धरून ठेवणारा पदार्थ, कमी होतं आणि लोह, झिंक दोन्ही जास्त शोषलं जातं. जेवणावर चहा प्यायची सवय मात्र मोडावी लागते, निदान तासभर अंतर ठेवा. ओमेगा-३ साठी जवसाची चटणी रोज चमचा-दीड चमचा. ती विदर्भ-मराठवाड्यात घरोघर होते, आमच्याकडं मी आणली. गरोदर असाल तर शेवाळापासून काढलेल्या डीएचए या ओमेगा-३ च्याच प्रकाराबद्दल डॉक्टरांना विचारा. मीठ आयोडीनयुक्तच वापरा. हल्ली सैंधवाचं फार कौतुक आहे, पण त्यात पुरेसं आयोडीन नसतं, आणि दूध-मासे दोन्ही बंद असताना आयोडीन येणार कुठून? ड जीवनसत्त्वाच्या नेहमीच्या गोळ्यांतलं डी३ मेंढीच्या लोकरीच्या चरबीतून काढतात. डी२ किंवा दगडफुलाच्या कुळातल्या लायकेनपासूनचं डी३ मिळतं, थोडं शोधावं लागतं.

खरेदी करताना हिरवा ठिपका पुरेसा नाही. तो शाकाहारी म्हणून असतो, त्यात दूध पावडर, मध चालतं. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांचे वेगळे नियम केले. हिरव्या चौकटीत इंग्रजी व्ही आणि त्यावर पान, अशी खूण शोधा.

शेवटी एक, कारण मागच्या लेखानंतर पुष्कळांनी विचारलं: आई-वडिलांच्या पायाला मुंग्या येतात, लगेच बी१२ सुरू करू का? आधी रक्त द्या, मग गोळी घ्या. गोळी आधी सुरू केली तर रिपोर्ट वर आलेला दिसतो आणि मूळ आकडा किती होता ते कधीच कळत नाही. आकडा २०० पिकोग्रॅमच्या खाली असेल आणि मुंग्या, तोल जाणं अशी लक्षणं असतील, तर गोळीवर न थांबता डॉक्टरांकडं जा. तिथं इंजेक्शन लागू शकतं, आणि उशीर झाला तर नसांचं नुकसान पूर्ण भरून येईलच असं नाही. बी१२ साठी उपाशीपोटी यायची सक्ती सहसा नसते, पण साखर किंवा होमोसिस्टीनही त्याच वेळी करायचं असेल तर सकाळी काही न खाता या आणि घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं चिठ्ठीवर लिहून आणा.