टर्नओव्हर पाहून फी नाही सांगत भाऊ

नागपुरात घरून अकाउंट्सचं काम करणाऱ्याला पहिला फोन असाच येतो, "महिन्याचे किती घेता?" आणि विचारणाऱ्याने अजून एक बिलसुद्धा दाखवलेलं नसतं. मी तेव्हा आकडा सांगतच नाही, मागच्या एका महिन्याची सगळी बिलं आणि बँक स्टेटमेंट पाठवा म्हणतो, मग बोलू.

आपल्याकडे बरेच जण टर्नओव्हरवर, म्हणजे एकूण विक्रीवर, फी ठरवतात. मला ते पटत नाही. इतवारीत सराफ्यातल्या दुकानाचा टर्नओव्हर मोठा दिसणारच, सोनंच तेवढं महाग आहे, पण बिलं मोजकी आणि दागिन्यांवर जीएसटी सरसकट ३ टक्के. तिथूनच किराणा ओळीत या, टर्नओव्हर त्याच्या निम्माही नसेल पण रोजचा बिलांचा गठ्ठा, काही माल करमुक्त, काही ५ टक्के, काही १८, वरून परत आलेल्या मालाच्या क्रेडिट नोटा, आणि उधारीचे पैसे हजार-पाचशे करत येणार जे कोणत्या बिलाचे आहेत ते देणाऱ्यालाही माहीत नसतं. आता सांगा टॅलीसमोर, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरसमोर, मान कोणाच्या कामात मोडते.

म्हणून मी एंट्र्या मोजतो. महिन्याला १५० पर्यंत एंट्र्या असल्या तर २,५००, त्याच्या वर प्रत्येकी १५ रुपये. हा माझा भाव आहे, धरमपेठेत ऑफिस टाकून बसलेल्याला परवडणार नाही आणि कोणाला महाग वाटला तर वाटू द्या.

पण नुसत्या एंट्र्यांनी भागत नाही, कागद कसे येतात तेही पाहावं लागते. स्टेटमेंट एक्सेलमध्ये आलं तर काम झटपट होते, स्कॅन केलेली पीडीएफ आली की एकेक ओळ टाइप करा. यूपीआय आल्यापासून तर एखाद्या सावजी भोजनालयाचं स्टेटमेंट उघडलं की पानं संपतच नाहीत, आणि त्याच खात्यातून पोराची फी, घरचा किराणा, मेव्हण्याला दिलेले उसने. हे सगळं मालकाला विचारून विचारून ड्रॉइंगमध्ये, म्हणजे मालकाने घरासाठी काढलेल्या पैशांत, टाकावं लागते अन् मालक फोन उचलत नाही 😅 असं मिसळलेलं खातं दिसलं की मी सरळ हजार रुपये जास्त सांगतो, खातं वेगळं केलं की कमी करतो. काही जण खरंच वेगळं करतात.

दुसरी गोष्ट तारखेची. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्याचं जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न) ११ तारखेला, ३बी (टॅक्स भरायचं रिटर्न) २० ला, मधे १४ ला २बी (आपल्या खरेदीवरच्या टॅक्सची पोर्टलवरची यादी) तयार होते, तिच्याशी खरेदीची बिलं जुळवायची, तरच खरेदीवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट बरोबर घेता येते. बिलं १८ ला हातात आली तर जुळवू केव्हा? आणि ३बी लेट झालं की रोजचे ५० रुपये लेट फी, टॅक्स भरायचा असला तर १८ टक्क्यांनी व्याज वेगळं. म्हणून फीच्या मेसेजमध्येच लिहून टाकतो की ७ तारखेनंतर आलेल्या बिलांचा दीडपट भाव, अन् त्यामुळे लागलेली लेट फी पार्टीची, म्हणजे ज्याचं काम त्याची. तोंडी ठरलेलं कोणाच्याच लक्षात राहत नाही, माझ्याही नाही.

मागची थकलेली कामं महिन्याच्या फीत घेऊच नका. "थोडंसंच राहिलं आहे" म्हणजे किमान एक अख्खं वर्ष असते. त्याचा भाव वेगळा, निम्मे पैसे आधी. तसंच मधेच सरकारने काही बदललं तर. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावरचे जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब गेले तेव्हा टॅलीतले आयटम एकेक उघडून रेट बदलत बसावं लागलं, मेडिकल स्टोअरवाल्याचे तर विचारूच नका. त्याचे मी वेगळे पैसे घेतले, एकदोघांनी तोंड वाकडं केलं, दिले पण.

सीएकडून आलेल्या कामाचा हिशोब मात्र निराळा. तिथे पार्टी त्यांची, सही त्यांची, रात्री साडेदहाचे फोनही त्यांनाच. मला फक्त एंट्र्या करून फाइल द्यायची, म्हणून तिथे मी १५ च्या जागी १० लावतो, पैसे फाइल दिल्यावर आठ दिवसांत पाहिजेत. पार्टीने दिले नाहीत म्हणून थांब बापा, हे तिथे चालत नाही.