कमरेचा दोर

पोहायला शिकलो ते मामाच्या विहिरीत. कमरेला काथ्याचा दोर, त्याचं दुसरं टोक काठावर बसलेल्या मामाच्या हातात. हातपाय नीट मारले की तो ढील द्यायचा, नाकातोंडात पाणी गेलं की ओढून घ्यायचा. आठ दिवसांत पोहणं आलं; कमरेवरचे वळ मात्र शाळा सुरू होईपर्यंत टिकले. आजी त्यांवर खोबरेल चोळता चोळता मामाचा उद्धार करायची.

परवा चार्ल्स जॅक्सन फ्रेंचबद्दल वाचताना ते वळ आठवले. अमेरिकन नौदलातला हा 22 वर्षांचा पोरगा. काम मेसमध्ये वाढप्याचं. काळ्या खलाशांच्या वाट्याला तेव्हा बहुतेक तेच यायचं. दुसऱ्या महायुद्धात, सप्टेंबर 1942 मध्ये, पॅसिफिक महासागरातल्या ग्वाडलकॅनाल बेटाजवळ जपानी विनाशिकांनी रात्रीच्या अंधारात त्याचं 'ग्रेगरी' हे जहाज बुडवलं. एका तराफ्यावर 15 जखमी, आणि प्रवाह तराफा नेतोय जपान्यांच्या ताब्यातल्या किनाऱ्याकडे. फ्रेंचने कपडे उतरवले, तराफ्याचा दोर कमरेला बांधून घेतला आणि शार्क असलेल्या त्या पाण्यात उतरला. मी बरोबर दिशेला चाललोय ना, तेवढं सांगत राहा, इतकंच त्याचं मागणं. पहाटेपर्यंत सहा-आठ तास तो तराफा ओढत होता.

आणि कौतुक? 1943 मध्ये ॲडमिरल हाल्सी यांच्या सहीचं प्रशस्तिपत्र. त्यात रात्रभराच्या पोहण्याचे 'दोन तासांहून अधिक' झाले होते. कागदावर उतरताना तास असे आटतात, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही म्हणा. च्युइंगगमसोबत मिळणाऱ्या चित्रांच्या पत्त्यांत त्याचंही चित्र आलं, पण मथळ्यात नाव नाही, नुसता 'निग्रो पोहणारा'.

1956 मध्ये, 37व्या वर्षी तो गेला. शौर्यपदक घरच्यांच्या हाती पडलं थेट 2022 मध्ये. त्याच वर्षी सॅन डिएगोच्या नौदल तळावरच्या पोहण्याच्या तलावाला त्याचं नाव दिलं. फ्रेंच लहान होता तेव्हा अमेरिकेतल्या कित्येक सार्वजनिक तलावांत काळ्या पोरांना पाय बुडवायचीही सोय नव्हती.

मला मात्र राहून राहून तो दोरच दिसतो. माझ्या दोराच्या टोकाला मामा होता, त्याच्या दोराला पंधरा माणसं. खाऱ्या पाण्यात ते वळ किती झोंबले असतील! विहिरीचं पाणी गोडं असून मी भोकाड पसरायचो.