कॅमेऱ्याची पेटी आणि गोव्याची हवा

चतुर्थीला पंधरा दिवस राहिले असताना पेटी उघडली, तर आधी वास आला. ओलं पोतं कोपऱ्यात पडून राहिलं की येतो, तसा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मोसमातलं शेवटचं लग्न शूट करून मी कॅमेरा आणि दोन्ही लेन्स या कडक पेटीत ठेवल्या, कड्या दाबून बसवल्या आणि आता पावसाची काळजी नाही म्हणून निश्चिंत झाले. मोबाईलचा टॉर्च लेन्सच्या मागून धरला. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू दिसले. पुसायला गेले, तर ते आतल्या बाजूला होते.

पणजीतल्या दुरुस्तीच्या काकांनी लेन्स उजेडाकडे धरली आणि विचारलं, "पेटी हवाबंद ना? मग आत कोंडलेली दमट हवा जाणार कुठे, बाय?"

मी पेटी घेतली होती ती पाणी आत शिरू नये म्हणून. पण लग्नाच्या दिवशी मांडवात कॅमेऱ्याला घामाचे हात लागले होते, पट्टा ओला होता, आणि पेटीतला फोम तर स्पंजच. तो सगळा ओलावा मीच आत घालून कुलूप लावलं होतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर सहज जाते, आणि ६०-६५ टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की लेन्सवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. ही बुरशी आम्ल सोडते, ते काचेवरचं कोटिंग खातं. काकांनी लेन्स उघडून साफ केली; तंतू गेले, पण कडेला एक पुसट डाग राहिला. उजेड समोरून आला की आजही मला तो दिसतो.

तेव्हापासून कॅमेरा पेटीत फक्त प्रवासापुरता राहतो. घरी पोचले की पेटी उघडी, फोम पंख्याखाली, आणि कॅमेरा-लेन्स ड्राय कॅबिनेटमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या विजेच्या कपाटात, ४०-४५ टक्के आर्द्रतेवर. कॅबिनेट घेण्याआधी वर्षभर मी स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा मोठा डबा वापरला. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि काही शे रुपयांचा छोटा आर्द्रतामापक. दाणे निळ्याचे गुलाबी झाले की बदलायचे. आई म्हणाली, "तांदूळ घाल गो, ओल ओढतात." पण तांदळाची पूड लेन्सच्या रिंगमध्ये गेली तर दुसरंच दुखणं, म्हणून ते टाळलं.

पेटीची खरी परीक्षा जानेवारीत झाली. आमच्या डिचोलीतलं भजनी पथक दिल्लीला कार्यक्रमासाठी निघालं आणि चित्रीकरण माझ्याकडे आलं. मोपाहून विमान. तोवर माझा प्रवास रिबंदरच्या फेरीबोटीतून चोडणला, नाहीतर गाडीने चोर्ला घाटातून बेळगावला, एवढाच. बेळगावच्या एका फेरीत ट्रायपॉड डिकीत मोकळा ठेवला होता, वळणावळणावर आपटून त्याच्या हेडचा, म्हणजे कॅमेरा बसतो त्या वरच्या फिरत्या भागाचा, हँडल मोडला. त्यामुळे विमानात सामान दुसऱ्याच्या हाती द्यायचं म्हटल्यावर झोप उडाली.

आधी वाटलं, आणखी एक छोटी कडक पेटी घ्यावी आणि कॅमेरा तिच्यातून केबिनमध्ये न्यावा. पेलिकन १५१० त्यासाठीच प्रसिद्ध आहे, मापंही केबिनच्या जवळपास. पण आपल्या देशांतर्गत विमानांत इकॉनॉमीच्या प्रवाशाला हातातलं सामान सहसा ७ किलो, आणि ही पेटी फोमसकट रिकामीच सहा किलोच्या आसपास. उरलेल्या किलोभरात कॅमेरा काय न्यायचा? परदेशी लोकांचे सल्ले वाचून पेटी घेणाऱ्यांनी हा हिशोब आधी करावा. घरचा वजनकाटा काढा, सामान ठेवा आणि मगच दुकानात जा.

मी कॅमेरा, लेन्स, कार्ड आणि बॅटऱ्या जाड पॅडिंगच्या साध्या पाठपिशवीत घातल्या. ६.८ किलो झालं. लाईट, चार्जर, केबल, माईक आणि ट्रायपॉडचं हेड कडक पेटीत. ट्रायपॉडचे पाय कपड्यांच्या बॅगेत, सतरंजीत गुंडाळून. लेन्स बॉडीला लावून कधीच नेत नाही. धक्का बसला की लांब लेन्सचा सगळा भार माउंटवर, म्हणजे लेन्स बसते त्या जोडावर येतो.

फोम कापायला एक अख्खी रात्र गेली. चौकोनी तुकडे तोडून काढायचा फोम येतो, तो सोपा असतो, पण दोन-चार प्रवासांत त्याच्या पातळ भिंती ढासळतात. मी सलग तुकडा आणला, सामान वर मांडून खडूने आकार काढला आणि पावाच्या लांब दातेरी सुरीने कापला. खाच वस्तूपेक्षा तीन-चार मिलिमीटर लहान ठेवायची, म्हणजे वस्तू दाबून बसते. दोन वस्तूंमध्ये दोन बोटं आणि पेटीच्या भिंतीपाशी त्याहून जास्त जागा. जड लाईट चाकांच्या बाजूला. पेटी उभी केली की वजन खाली हवं. हेडचा ड्रॅग, म्हणजे फिरवताना लागणारा अडसर, शून्यावर आणून हँडल काढून वेगळा ठेवला.

भजनी पथकातले बुवा शेजारी बसून बघत होते. त्यांच्याकडेही पेटी होती, वाजवायची. "आमच्या पेटीलाही असं काहीतरी करून दे, बाय," म्हणाले. उरलेल्या फोमच्या पट्ट्या हार्मोनियमच्या भात्याभोवती आणि सुरांवर बसवल्या.

बॅटऱ्यांचं गणित मात्र नीट करावं लागतं. लिथियमच्या सुट्या बॅटऱ्या चेक-इनमध्ये द्यायच्याच नाहीत, पॉवर बँकही नाही. मर्यादा वॉट-अवरमध्ये असते: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. माझी लहान व्ही-माउंट (लाईटला मागून लावायची ठोकळ्यासारखी बॅटरी) १४.४ व्होल्ट, ६.८ अँपिअर-अवरची, म्हणजे जवळजवळ ९८. शंभरच्या आत, चालते. १०० ते १६० मधल्या सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या मंजुरीने आणि दोनच नेता येतात, १६० च्या वर प्रवासी विमानात बंदी. १५० वाली मोठी घरीच ठेवली. एका बॅटरीवरचा छाप पुसला होता, तीही ठेवली. आकडा वाचता आला नाही तर तपासणीतल्या जवानाला मी काय दाखवणार? बाकीच्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावून प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत.

निघण्याआधी उघड्या पेटीचा फोटो काढला, सगळे सीरियल नंबर कागदावर लिहून घेतले, झाकणाच्या आत नाव आणि फोन नंबर चिकटवला. बाहेरून कॅमेरा कंपनीचा एकही स्टिकर नाही. आत काय आहे ते पेटीने ओरडून सांगायची गरज नसते.

मोपावर तपासणीत बॅटऱ्या ट्रेमध्ये काढायला लावल्या, जवानाने एकेक उलटून वाचली आणि जाऊ दिलं. दहा मिनिटं.

दिल्लीत पेटीचं झाकण उघडेना. बुवा घाबरले. वर विमानात हवेचा दाब कमी असतो, तेव्हा पेटीतली थोडी हवा बाहेर निसटते; खाली आलं की बाहेरचा जास्त दाब झाकणाला दाबून धरतो. त्यासाठी पेटीला व्हॉल्व्ह असतो. काहींचा आपोआप चालतो, माझ्या पेटीचा हाताने फिरवायचा आहे. तो सैल केला, हवा शिरल्याचा आवाज आला, झाकण उचललं. लाईट होती तशी होती. उघडता उघडता झाकणाभोवतालच्या रबरावरून बोट फिरवलं, तर वाळूचे दोन कण लागले, बहुतेक हरमलच्या किनाऱ्यावरच्या शूटचे. एवढ्यानेही पाणी आत यायला वाट मिळते. रुमाल ओला करून सगळं रबर पुसलं.

परतीला मी जास्त सावध होते. दिल्लीची थंडी अंगात मुरलेला कॅमेरा मोपाच्या दमट हवेत एकदम काढला तर काचेवर आणि आतही दव धरतं. घरी पोचताच आईने बुवांचं भजन दाखव म्हणून धोशा लावला. तिला म्हटलं, कार्डही कॅमेऱ्यातच आहे, जरा थांब. पिशवी न उघडता तासभर तशीच ठेवली. मग चेन थोडी उघडून हात घातला, कॅमेरा खोलीइतका उबदार लागला, तेव्हा बाहेर काढला. फोम पंख्याखाली पसरला.

बुवांचा फोन आला. "पेटी काढली, सगळे सूर लागतात," म्हणाले. मी लेन्स टॉर्चपुढे धरून बसले होते. जुना डाग तेवढाच होता.